विश्लेषण : वजन घटवायचे तर भाकरी सोडायची की मोजायची?

विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर परिसरातील अनेक घरांत सकाळी मुलांचे डबे, ज्येष्ठांची मऊ खिचडी आणि कामावर जाणाऱ्यांचा नाश्ता एकाच ओट्यावर होतो. त्यात घरातील कुणी ‘लो-कार्ब’ सुरू केले, की आणखी एक कढई चढते. बदामाच्या पिठाची पोळी, फ्लॉवरचा भात असे पदार्थ चार दिवस होतात आणि बंद पडतात. दोष मात्र खाणाऱ्याच्या निश्चयाला दिला जातो. खरे तर चूक आखणीत असते.

लो-कार्ब म्हणजे नेमके काय?

याची एकच व्याख्या नाही. केटो आहारात दिवसाला साधारण ५० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेतली जातात. १३० ग्रॅमच्या आतील आहारालाही सर्वसाधारणपणे लो-कार्ब म्हणतात. पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीरातील साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन पाणी धरून ठेवते. ती वापरली गेली की पाणीही जाते. चरबी त्या वेगाने घटत नाही.

पोळीऐवजी भाकरी खाल्ली तर?

हा सर्वांत मोठा गैरसमज. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८, बाजरीत ६२ आणि गव्हाच्या पिठात ६४ ग्रॅम कर्बोदके असतात. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली, तर ज्वारीच्या चार भाकऱ्यांतच १३० ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते. भाकरी पौष्टिक आहे, पण ती लो-कार्ब नाही.

संशोधन काय सांगते?

‘आयसीएमआर-इंडियाब’ सर्वेक्षणाचा आहारविषयक अहवाल २०२५मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतीयांच्या आहारातील ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. केवळ मैदा किंवा पांढऱ्या तांदळाऐवजी गहू वा भरड धान्य घेऊन, एकूण कर्बोदके तेवढीच ठेवल्यास मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. एकूण ऊर्जेपैकी ५ टक्के वाटा कर्बोदकांऐवजी वनस्पतिजन्य किंवा दुधाच्या प्रथिनांनी घेतला, तिथे तो कमी दिसला. हा संबंध आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे. तरी दिशा स्पष्ट आहे.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या चाचणीत (२०१८) कमी चरबीच्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो, तर लो-कार्ब गटाचे ६ किलो घटले. हा फरक लक्षणीय नव्हता. म्हणजेच जो आहार दीर्घकाळ पाळता येतो, तोच उपयोगी.

घरच्या स्वयंपाकात कसे जमवायचे?

महाराष्ट्रातील चर्चा बराच काळ ‘किती वेळा खायचे’ याभोवती फिरली. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदा जेवण्याचा, तर ऋजुता दिवेकर थोडे थोडे, वारंवार खाण्याचा सल्ला देतात. ताटात काय आणि किती, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

त्यासाठी स्वयंपाक बदलण्याची गरज नाही, वाढणे बदलावे लागते. तीन पोळ्यांच्या जागी एक किंवा दीड, आणि उसळ एका वाटीऐवजी दोन. उसळीतही कर्बोदके असतात, पण १०० ग्रॅम मुगात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनेही असतात. पोह्यांत दाणे आणि मटार वाढवून पोहे निम्मे करता येतात. पिठले, ताक, अंडी, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर हे सगळे घरचेच. पोळी आणि भात एकाच जेवणात न घेणे हा सोपा नियम.

उपवास आणि सणांचे काय?

साबुदाण्यात जवळपास सगळी कर्बोदकेच, प्रथिने नावालाच. त्यामुळे उपवासाला वजन घटते, हा समज खिचडीच्या ताटात टिकत नाही. दाणे, दही, राजगिरा हे बरे पर्याय. मात्र माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला येताना विश्रांतवाडीतून जाते, त्या दिवशी प्रसादाचा लाडू नाकारायला लावणारा आहार इथे टिकणार नाही. लाडू खावा, रात्रीचा भात सोडावा. लवचीकता म्हणजे एवढेच.

कोणी सावध राहावे?

इन्सुलिन किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्बोदके कमी करू नयेत. साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनीही परस्पर प्रयोग टाळावेत.

आणखी एक गोष्ट. एकाने पोळी कमी केली, पण कणीक तेवढीच भिजवली, तर उरलेल्या पोळ्या ‘वाया नकोत’ म्हणून बहुतेक घरांत शेवटी जेवणारी बाईच खाते. एकाचे वजन उतरते, दुसरीचे चढते. म्हणून पोळ्यांचा आकडा कणीक भिजवण्याआधी ठरायला हवा. आणि ज्याला वजन घटवायचे आहे, त्याने निदान कोशिंबीर तरी स्वतः चिरावी.