वेदनेची नोंद

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कार्यान्वित झाली. पुढे तिच्याभोवती वसाहतींचे सेक्टर वसले आणि नागपूर-विदर्भाकडून आलेली मराठी कुटुंबेही तेथे स्थायिक झाली. भट्टीच्या उष्णतेची नोंद तेथे क्षणोक्षणी ठेवली जाते. त्याच वसाहतीतील घराघरांत महिन्याकाठी दोन-तीन दिवस पोट दाबून पडून राहणाऱ्या मुलीच्या वेदनेची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. पाळी म्हटली की दुखायचेच, लग्न झाले की आपोआप बरे होईल, असे सांगणारी आजी आणि तसेच सांगणारा डॉक्टर, दोघेही एकाच परंपरेचे पाईक आहेत असे म्हणावे लागेल.

या वेदनेमागे पुष्कळदा एंडोमेट्रिओसिस हा विकार असतो. गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखे ऊतक बीजांडकोश, उदरावरण, क्वचित आतडे वा मूत्राशय अशा भलत्या ठिकाणी वाढते. तेथे दाह होतो, व्रण पडतात, अवयव एकमेकांस चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुली या विकाराने ग्रस्त आहेत. इतक्या व्यापक विकाराला मराठीत सर्वांच्या तोंडी बसेल असा शब्दही नसावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ‘कावळा शिवला’ म्हणून पाळी झाकणाऱ्या भाषेने तिच्या व्याधीला नाव देण्याचे कष्ट तरी का घ्यावेत?

कारणमीमांसेचा प्रश्न शंभर वर्षे जुना आहे. अमेरिकन शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली असे मत मांडले, की पाळीच्या वेळी काही रक्त बीजवाहिन्यांतून उलटे उदरपोकळीत जाते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात. उपपत्ती मोठी आकर्षक; पण असा उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांत आढळतो आणि विकार मात्र थोड्यांनाच होतो. बीज सर्वत्र पडते, उगवते काही ठिकाणीच. तेव्हा शोध जमिनीचा घ्यावा लागतो: प्रतिकारशक्ती, संप्रेरके, आनुवंशिकता यांचा. २०२३ साली जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांना ६४ टक्के रुग्णांच्या गर्भाशय-अंतःस्तरात फ्युजोबॅक्टेरियम हा जिवाणू आढळला. विकार नसलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा कमी होते. हा निष्कर्ष कुतूहल जागवणारा आहे, निर्णायक नव्हे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, साठ हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात विकाराशी संबंधित ४२ स्थाने निश्चित झाली. परंतु त्या रुग्ण प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या, उरलेल्या पूर्व आशियाई. भारतीय स्त्रीच्या शरीराविषयीचे निष्कर्ष दुसऱ्यांच्या रक्तावरून काढावेत हे शास्त्राला धरून नाही. म्हणूनच मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेने देशातील अनेक केंद्रांना बरोबर घेऊन हाती घेतलेल्या क्लिनिकल व जनुकीय संशोधनाचे मोल विशेष आहे.

निदानाची कथा अधिक क्लेशदायक. वेदना सुरू झाल्यापासून रोगाला नाव मिळेपर्यंत अनेक देशांत सात-दहा वर्षे जातात. दुर्बिणीची शस्त्रक्रिया हाच अंतिम पुरावा हा दंडक युरोपीय तज्ज्ञांनी २०२२ साली सैल केला. लक्षणे आणि सोनोग्राफी वा एम.आर.आय. यांच्या आधारे उपचार सुरू करता येतात, हे आता मान्य आहे. तरीही उदरावरणावरील उथळ डाग सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत; आणि योनिमार्गे करावयाची तपासणी अविवाहित मुलींच्या बाबतीत आपल्याकडे बहुधा टाळलीच जाते. तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणजे मुलगी नाटक करते, असा अर्थ घरात लावला जातो. लाळेतील सूक्ष्म आरएनएवरून निदान करण्याची चाचणी फ्रान्समध्ये विकसित झाली आहे. ती स्वस्त व सार्वत्रिक होईल तेव्हा होवो. उपचार म्हणाल, तर संप्रेरकांच्या गोळ्या विकाराला दाबून ठेवतात, गोळ्या थांबल्या की दुखणे पुष्कळदा परतते. शस्त्रक्रियेनंतरही ते उद्भवू शकते. समूळ उपाय अद्याप नाही.

भिलाईचा उल्लेख वर केला तो केवळ वर्णनापुरता नव्हे. कारखान्याच्या सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयाच्या नावातच ‘संशोधन केंद्र’ हे शब्द आहेत. एकाच नियोक्त्याच्या छायेखाली आई, मुलगी आणि नात एकाच गावात राहून एकाच दवाखान्यात जातात, अशी वस्ती आनुवंशिक विकाराच्या दीर्घकालीन अभ्यासाला दुर्मीळच. शिवाय रायपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहे. प्रारंभाला मोठी यंत्रे लागत नाहीत. शाळकरी मुलीच्या आरोग्य-तपासणीत एक प्रश्न वाढवावा: पाळीच्या दुखण्यामुळे गेल्या तीन महिन्यांत शाळा किती दिवस बुडाली? आणि तिचे उत्तर, आईला बाहेर बसवून, कागदावर उतरवून घ्यावे.