करून बघायला काय जातं?

प्लँचेटचा विषय निघाला की हमखास कुणीतरी म्हणतं, "खरं-खोटं सोडा हो, करून बघायला काय जातं?" आमच्या हॉस्टेलवरही हेच चालायचं. फरशीवर खडूने अक्षरं, मधे उपडी वाटी, तिच्यावर चौघांची बोटं. येणारा प्रत्येक आत्मा पेपरात काय येणार तेवढंच सांगायचा. (कधीच आलं नाही.) पोरांचा खेळ म्हणून ठीक आहे. अमेरिकेत 1891 साली ओइजा बोर्डचं पेटंट निघालं तेही खेळणं म्हणूनच. आणि वाटी फिरते कशी, हे कोडंही जुनंच सुटलंय. बोटं नकळत ढकलतात. आत्म्यांच्या बैठकीत फिरणाऱ्या टेबलांवर प्रयोग करून फॅरडेने 1853 मध्येच ते दाखवून दिलं. खात्री हवी असेल तर सगळ्यांचे डोळे बांधा, अक्षरांची जागा बदला, मग बघा आत्म्याचं शुद्धलेखन!

पण मोठी, जबाबदार माणसं हा खेळ मांडतात तेव्हा काय जातं?

16 मार्च 1978. रोममध्ये रेड ब्रिगेड्सने इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना पळवलं, पाच अंगरक्षक ठार केले. 2 एप्रिलला बोलोन्याजवळच्या एका घरात काही प्राध्यापक मंडळी जमली. अक्षरांवर बशी ठेवून त्यांनी दिवंगत नेत्यांना विचारलं, मोरो कुठे आहेत? उत्तर आलं, ग्रादोली. पोलिसांनी त्या नावाचं गाव पिंजून काढलं. हाती शून्य. 18 एप्रिलला पाणीगळतीमुळे रेड ब्रिगेड्सचा एक अड्डा उघडकीला आला, तो खुद्द रोममध्ये, ग्रादोली नावाच्या रस्त्यावर. 9 मे रोजी मोरोंचा मृतदेहच मिळाला.

"बघा, बशी खरं बोलली," असं म्हणणारे आहेतच. अहो, एक तर तो योगायोग, नाहीतर ते नाव कुणाला तरी आधीच ठाऊक होतं. खबऱ्याला लपवायला आत्मा पुढे केला, हा संशय इटलीत आजही आहे. सिद्ध झालेला नाही. पण माणसाने सांगितलं असतं तर त्याला समोर बसवून "गाव की रस्ता?" एवढं तरी विचारता आलं असतं. बशीची उलटतपासणी कोण करणार? त्या बैठकीत हजर असलेले रोमानो प्रोदी पुढे देशाचे पंतप्रधान झाले, हे जाता जाता.

इंग्लंडमध्ये 1994 साली दुहेरी खुनाच्या खटल्यातल्या चार ज्यूरर्सनी रात्री हॉटेलात मृतालाच विचारलं, तुला कुणी मारलं? दुसऱ्या दिवशी आरोपी दोषी. हे बाहेर आल्यावर अपील कोर्टाने निकाल रद्द केला. खटला पुन्हा पहिल्यापासून, निकाल पुन्हा तोच. पुरावा पुरेसा होता हो!

आता आपल्याकडे या. डॉ. दाभोलकरांच्या खुनाच्या तपासात पुणे पोलिसांनी प्लँचेट केल्याचा आरोप 2014 साली एका इंग्रजी साप्ताहिकाने केला. तत्कालीन पोलीस आयुक्तांनी तो साफ फेटाळला. आरोप खरा की खोटा हे मी ठरवत नाही. मला चीड आली ती "केलं असेल तरी काय बिघडलं?" म्हणणाऱ्यांची. तपासातून कोर्टात टिकेल असा पुरावा उभा करावा लागतो. तिथे काय उभी करणार, वाटी?

खून 20 ऑगस्ट 2013 चा. निकाल 10 मे 2024 ला. दोघांना जन्मठेप, तिघे पुराव्याअभावी सुटले.