आधी सरासरी सांगा
कांद्याचा भाव पडला की नामपूरच्या बाजार समितीत वाहिन्यांचे बूम येऊन धडकतात. मोसम खोऱ्यातला शेतकरी त्यांच्यापुढे बिनधास्त बोलतो. घसा कोरडा पडतो तो पदाधिकाऱ्यांचा आणि कृषी अधिकाऱ्यांचा. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यातबंदी केली. ४ मे २०२४ ला ती उठवताना टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क ठेवलं होतं. एवढं त्यांना कागद न बघता सांगता आलं तरी निम्मी तयारी झाली. उरलेली लिलावाच्या तीन भावांत आहे: किमान, कमाल, सरासरी. बातमीदाराला किमान हवा असतो, कारण मथळा त्यातच असतो. म्हणून पहिल्याच वाक्यात सरासरी सांगावी, आवकेसह. बाइट जेमतेम वीस सेकंदांचा, त्यात ‘सदर बाब वरिष्ठांना कळवली आहे’ हे कशाला? हातवारे आणि पेहराव शिकवणाऱ्या शिबिरांचं मला फारसं कौतुक नाही. आकडा ठाऊक नसेल तर ‘संध्याकाळी देतो’ म्हणावं आणि खरंच द्यावा. नाहीतर पुढच्या खेपेला बूम थेट ट्रॅक्टरजवळ जातो, आणि तिथला माणूस समितीबद्दल काय बोलेल याचा नेम नाही.