भिंत पाडली, आवाज पळाला

गेल्या दिवाळीआधी आमच्या घरात हॉल आणि किचनमधली भिंत पाडली. आता हॉल झालाय २८ बाय १६. एका टोकाला गॅलरीची काच, दुसऱ्या टोकाला ओटा. येणारा प्रत्येक जण 'काय मोकळं वाटतंय!' म्हणतो. बाबांनी मात्र गाणी ऐकणं बंद केलं. रविवारी सकाळी चहा आणि कुमार गंधर्व, हा आमच्याकडचा वर्षानुवर्षांचा नियम. भिंत गेल्यावर स्पीकर तेच, अ‍ॅम्प्लिफायर तोच, पण आवाज पोकळ. वाढवला की ओट्यापाशी आई वैतागणार आणि सोफ्यावर शब्द तरीही गढूळच.

'स्पीकर म्हातारे झाले,' असा निकाल बाबांनी दिला. माझा पहिला स्टायपेंड नव्या, मोठ्या स्पीकरवर घालवायचं मी जवळपास नक्की केलं होतं. तुमचाही असा काही बेत असेल, तर जरा थांबा. मोठ्या हॉलला मोठे स्पीकर, हे गणितच मला आता चुकीचं वाटतं. आपल्याला हॉल थोडाच आवाजाने भरायचाय? तुम्ही बसता तेवढी जागा भरली की झालं!

आमच्याकडे नव्या टीव्ही युनिटच्या दोन टोकांच्या कप्प्यांत स्पीकर कोंबले होते आणि सोफा समोरच्या भिंतीला, १४ फुटांवर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंती त्यातला थोडा परत देतात, पण मोकळ्या हॉलमध्ये तेवढं मिळत नाही. तो ६ डेसिबलचा फरक नुसत्या वॉटने भरून काढायचा तर चौपट ताकद लागते, म्हणजे २५ वॉटच्या जागी १००. त्यापेक्षा सोफा १४ फुटांवरून ७ फुटांवर आणा की! फुकट आहे.

मी हे घरी बोलले तर आई म्हणाली, 'मोकळं व्हावं म्हणून भिंत पाडली, आणि तू सोफा मधोमध आणतेस?' मुद्दा बरोबर होता. मग सोफा जिथल्या तिथे राहिला आणि फक्त रविवारी वेताच्या दोन खुर्च्या पुढे यायला लागल्या.

स्पीकर कप्प्यातून काढून स्टुलांवर ठेवले, मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. भिंतीला, त्यातही कोपऱ्याला चिकटलेला स्पीकर बास फुगवतो आणि गाणाऱ्याचा आवाज त्याखाली दबतो. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं असा साधारण समभुज त्रिकोण जमवा, स्पीकर किंचित आत वळवा आणि छोटा ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ द्या. आमची खरी पंचाईत वेगळीच होती. डावीकडे काच, उजवीकडे काहीच नाही. काचेवरून आवाज उसळायचा आणि गाणं डावीकडे सरकल्यासारखं वाटायचं. स्पीकर काचेपासून लांब घेतला, पडदा ओढला. चकचकीत टाइल्सवर, स्पीकर आणि खुर्च्यांच्या मध्ये, जाड सतरंजी टाकली. टाळी वाजवून बघा. झणझण असा शेपटा ऐकू आला तर तुमच्याकडेही सतरंजी हवीये.

एवढं करूनही नवे घ्यायचेच असतील, तर खोक्यावरचा 'पीएमपीओ' आकडा खुशाल विसरा, तो फुगवलेला असतो. आरएमएस वॉट बघा आणि 'सेन्सिटिव्हिटी' विचारा. ८४ आणि ९० डेसिबलच्या स्पीकरमध्ये पुन्हा तोच चौपट ताकदीचा फरक आहे. दुकानात त्यांचं डेमो गाणं नको, स्वतःचं पाठ असलेलं लावा. आणि आपल्या खुर्चीएवढ्याच अंतरावर बसून ऐका.

सबवूफर मात्र मोकळ्या हॉलमध्ये हट्टी पोरासारखा वागतो. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब असते, त्यामुळे एका जागी बास धडधडतो, दोन पावलांवर गायब. सबवूफर तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि स्वतः जमिनीवर रांगत फिरा. जिथे बास सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवायचा. शेजारचे बघून हसले तर हसू देत.

'पण मला तर सगळ्या घरात गाणी हवीत!' पार्टीसाठी ठीक आहे. रोजसाठी एका टोकाला बोंबलणाऱ्या स्पीकरपेक्षा दुसऱ्या टोकाला हळू वाजणारा एक छोटा स्पीकर बरा.

माझ्या स्टायपेंडमधून शेवटी सतरंजी आली आणि ओट्यासाठी एक ब्लूटूथ स्पीकर. बाबा पुन्हा रविवारी वेताच्या खुर्चीत असतात. नेमकी कुमारजींची आलापी रंगात आली की आई ओट्यावर बातम्या लावते. तो वाद अजून मिटलेला नाही.