नुसते अंदाज म्हणून समुद्र थांबेल काय?

खाडीकाठच्या बांधकामावर प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले असते: ‘समुद्र वाढणार हे शास्त्रज्ञांचे नुसते अंदाज आहेत, त्यांचेच आकडे जुळत नाहीत.’ वेसाव्याने, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्याने, हे उत्तर ऐकून घेऊ नये.

आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान समितीचा ऑगस्ट 2021चा अहवाल काय सांगतो? 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्रपातळी सरासरी 20 सेंटिमीटरने वाढली. या शतकभर ती वाढतच राहणार, हे जवळपास निश्चित आहे. प्रश्न उरतो तो किती, एवढाच. उत्सर्जन झपाट्याने घटवले तर शतकअखेर 28 ते 55 सेंटिमीटर, बेसुमार वाढू दिले तर 63 सेंटिमीटर ते 1 मीटर. ध्रुवांकडचे बर्फ कसे ढासळेल हे पुरते उमगलेले नाही, म्हणून 2 मीटरच्या जवळ जाणारी वाढही अहवालाने अशक्य ठरवलेली नाही. न उमगलेला भाग धोका वाढवणारा आहे. त्यालाच दिलासा म्हणून पुढे करणे ही लोकांची फसवणूक आहे.

उलट बाजूची अतिशयोक्तीही घातकच. ‘2050मध्ये मुंबई बुडणार’ अशा बातम्या 2019मध्ये झळकल्या. मूळ अभ्यास भरतीच्या आणि अधूनमधून येणाऱ्या पुराच्या पातळीखालच्या जमिनीबद्दल होता आणि त्यात संरक्षक बांध धरलेले नव्हते. अशा मथळ्यांनी नाकारणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळते.

अंदाज थोडा हुकला म्हणून इशारा खोटा ठरत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ मुंबईला हुलकावणी देऊन रायगडात धडकले. पण पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाचा इशारा असूनही पी-305 हा कामगारांच्या निवासाचा बार्ज समुद्रातच राहिला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली.

तरी सरकारी कागद काय म्हणतो? जानेवारी 2019च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत पूर आणि वाढती समुद्रपातळी धरून आखलेली धोक्याची रेषा आहे. पण तिचा वापर आपत्ती व्यवस्थापनापुरता ठेवला; बांधकाम रोखण्याचे बळ तिला दिले नाही. वर खाडीकाठची कमाल नियंत्रण मर्यादा 100 मीटरवरून 50 मीटरवर आणली. विज्ञान सावध करत असताना नियम सैल झाले.

म्हणून वर्सोवा-वांद्रे सागरी सेतू असो की खाडीवरचा कुठलाही प्रकल्प, समुद्रपातळीत किती सेंटिमीटर वाढ धरून आराखडा केला तो आकडा कोळीवाड्यात मराठीत जाहीर लावला पाहिजे. आकडा धरलेलाच नसेल, तर तो धरेपर्यंत काम थांबले पाहिजे.