विष कोणाचे, गुन्हा कोणाचा?

विषारी बाणाने शिकार करणे नैतिक की अनैतिक, कायदेशीर की बेकायदेशीर, असा प्रश्न आज कुणी विचारला तर लोक हसतील. धनुष्यबाण म्हटले की आपल्याकडे निवडणुकीचे चिन्ह आठवते, शिकार नव्हे! पण हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. या देशाच्या कायद्याने त्याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे, आणि त्या उत्तराची किंमत शिरूर-दौंडच्या गायरानावर पाल टाकून राहणारा माणूस आजही मोजतो आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. त्याच्या मूळ १७ व्या कलमात शिकारीच्या कोणत्या पद्धती चालणार नाहीत याची यादी होती. रसायने, स्फोटके, जाळी, खड्डे, विष, विषारी शस्त्रे, फासे आणि सापळे. मोठ्या जनावराची शिकार मात्र रायफलनेच करावी, असे तेच कलम सांगत होते. अर्थात परवाना काढून, शुल्क भरून. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने गेले, हे कलमही गेले आणि शिकार सगळ्यांनाच बंद झाली. पण मधली १९ वर्षे कायद्याच्या कागदावर चित्र काय होते? रायफलवाला शिकारी 'स्पोर्ट्समन' आणि फासेवाला शिकारी गुन्हेगार! रायफल कुणाच्या घरात असते आणि फासा कुणाच्या झोळीत असतो, हे चळवळीच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

विषारी शस्त्रावर बंदी घातली ती योग्यच होती. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण विषाच्या पंगतीत फाशाला का बसवले? फाशात अडकलेले जनावर जिवंत असते, त्याला सोडता येते. सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा या अभ्यासकांनी १९८३ साली महाराष्ट्रातील भटक्यांच्या शिकारीवर लिहिले. फासेपारधी काळविटाला आणि पाखरांना फासे लावतो, वैदू लहान मांसभक्षक प्राणी पकडतो, नंदीवाला कुत्री घेऊन साळिंदर-घोरपडीच्या मागे जातो, आणि फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर पारधी ते सोडून देतो, अशी त्यांची नोंद आहे. या नोंदीवरून 'पाहा, जातिव्यवस्थेने निसर्ग राखला' असे म्हणणारेही पुष्कळ निघाले. त्यांच्याशी आमचे जमणार नाही. हरणे वाचली असतील, पण पारध्याचे पोर शाळेच्या दाराशी पोहोचले नाही, त्याचा हिशेब कोण देणार?

शिकार हा धंदा या माणसांनी हौसेने घेतलेला नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात रानातली जनावरे मारण्याचे काम मेद, आंध्र, चुंचू, मद्गू अशा जातींना नेमून दिले आहे, आणि बिळातल्या प्राण्यांना पकडून मारण्याचे काम क्षत्ता, उग्र, पुक्कस यांना. हीच मनुस्मृती सातव्या अध्यायात राजाला बजावते की रणांगणावर विषारी बाण वापरू नकोस. म्हणजे क्षत्रियाने क्षत्रियाला विष लावून मारायचे नाही, तिथे धर्म आडवा येतो. रानात मात्र खालच्याने खालचे काम करावे आणि त्याच कामासाठी त्याला हीन ठरवावे! पुढे इंग्रज आले. त्यांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून जन्मालाच गुन्हा ठरवले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्यानंतर २० वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि पोटाचे साधन तेवढे काढून घेतले. बदल्यात जमीन दिली नाही, नोकरीही दिली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा आणि सापळ्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. आमचे म्हणणे शिकार परत सुरू करा असे नाही. बाबासाहेब १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत होते. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी हे त्या समितीचे काम होते. त्या मार्गाने जाणारा कुणीही पारध्याच्या पोराच्या हातात फासा द्या असे म्हणणार नाही.

आता विषाकडे वळू. विषारी बाण वाईट का? जनावर लगेच मरत नाही, तडफडत दूर जाते, हा पहिला आक्षेप. कलहारीच्या वाळवंटात सान लोक एका भुंग्याच्या अळीचे विष बाणाला लावतात. मोठे जनावर कोसळायला कित्येक तास, कधी दिवसही लागतो. आपल्या ईशान्येकडील काही जमाती बचनागाचे विष वापरत. हे क्रूरच आहे. पण त्यातली एक गोष्ट नजरेआड करू नये. बाण मारणारा माणूस त्या जनावरामागे चालत जातो. त्याने एकालाच नेम धरलेला असतो, आणि त्याचे मरण तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. आपण काय केले हे त्याला ठाऊक असते.

याच्या शेजारी आपल्या बागायती पट्ट्यातले विष ठेवून पाहा. बिबट्याने वासरू मारले की उरलेल्या मांसावर थिमेट टाकायचे. रानडुकरासाठी कुंपणात रात्रभर वीज सोडायची. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळायचे, मग बांधावर मोर मरून पडले तरी तिकडे पाहायचे नाही. आणि शिरूर तालुक्यात तर मोराची चिंचोली आहे, मोरांसाठीच प्रसिद्ध! थिमेट म्हणजे फोरेट. २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर देशभर बंदी आहे. मांसावर टाकलेले हे विष बिबट्याची वाट पाहत बसत नाही. कुत्रे खाते, कोल्हा खातो, घार-कावळा खातो. कुंपणातल्या विजेने माणसेही मरतात, आणि रात्री शेतात पाणी द्यायला जाणारा मजूर कोणत्या समाजाचा असतो ते आपण जाणतो. विष टाकणारा मात्र तोवर घरी जाऊन झोपलेला असतो. कोण मेले हे त्याला पाहावेही लागत नाही. विषारी बाणात जेवढी जबाबदारी होती तेवढीही इथे नाही.

कायदा याबाबतीत मुका नाही. वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत 'शिकार' या शब्दातच विष घालणे आणि तसा प्रयत्न करणे येते. बिबट्या, मोर, काळवीट, चिंकारा हे सगळे पहिल्या परिशिष्टात आहेत. शिक्षा ३ ते ७ वर्षे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. म्हणजे पारध्याचा फासा आणि बागायतदाराचे थिमेट कायद्यापुढे सारखेच. पण चौकशीची गाडी आधी कुठे थांबते?

मज्झिम निकायातील मालुंक्यपुत्ताची कथा धम्मबांधवांना माहीत आहे. विषारी बाण लागलेला माणूस वैद्याला म्हणतो, बाण काढण्यापूर्वी मला सांगा, मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र? तथागतांनी सांगितले की एवढे कळेपर्यंत तो माणूस मरून जाईल. आपल्याकडची यंत्रणा नेमकी तशीच वागते. माळावर मेलेले जनावर सापडले की विष कोणते, ते कुठल्या दुकानातून आले, शेत कुणाचे, कुंपणाला वीज कुणाच्या मीटरवरून, हे प्रश्न मागे राहतात. पहिला प्रश्न असतो, जवळ पारध्यांची पालं कुठे आहेत? जात सापडली की तपास संपला.

शिरूर तालुका आपल्याला परका नाही. १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जाणारा प्रत्येक जण भीमा कोरेगावला, म्हणजे याच तालुक्याच्या वेशीवर येतो. तिथून पुढे घोड आणि भीमेच्या पाण्यावर उसाचे रान पसरले आहे, शिरूरला घोडगंगा आणि दौंडला भीमा पाटस असे साखर कारखाने उभे राहिले. उसात बिबट्या राहू लागला, त्यालाही दोन पिढ्या होत आल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसे बिबट्याने मारली, त्यात दोन लहान मुले होती. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, महामार्ग अडवला. त्यांचा संताप खोटा म्हणता येणार नाही. अशा संतापातूनच गावोगाव थिमेटची पुडी बाहेर निघते.

४ नोव्हेंबरच्या रात्री वनखात्याच्या पथकाने त्या बिबट्याला गुंगीचा बाण मारला. तो चुकला, जनावर अंगावर आले आणि नेमबाजांनी गोळ्या घातल्या. गंमत पाहा, सरकारकडेही औषध भरलेला बाण आहेच! कलम ११ म्हणते की माणसाच्या जिवावर उठलेले जनावर आधी पकडता येते का, बेशुद्ध करता येते का, हे पाहावे. तसे होणार नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटली तरच मारण्याचा आदेश द्यावा. सरकारी बाण कायदेशीर ठरतो, कारण त्यामागे लेखी परवानगी असते, डॉक्टर असतो, औषधाचे माप असते आणि चुकले तर जाब विचारायला माणूस असतो. हाच निकष बांधावरच्या विषाला का लागू होत नाही?

शिरूर जुन्नर वनविभागात येते, दौंड पुणे वनविभागात. दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावेत. गेल्या दहा वर्षांत वन्यप्राणी मेल्याच्या किती घटना घडल्या, त्यांत विषाने आणि विजेने मेलेले किती, व्हिसेरा तपासणीला किती ठिकाणी पाठवला, जमीनमालकावर गुन्हा किती वेळा नोंदवला आणि फासेपारधी आरोपी किती प्रकरणांत आहेत? आणि आणखी एक मागणी. अकोला-वाशिमकडे फासेपारधी तरुण तणमोर आणि माळरान राखण्याच्या कामात उतरले आहेत. पिंपरखेडच्या उसात बिबट्याचा माग काढायला, पिंजरा कुठे लावायचा ते सांगायला वनखात्याला माणसे हवी आहेत. ती शिरूर-दौंडच्या पालांत आहेत. त्यांना रोजंदारीवर राबवू नका. पद निर्माण करा, पगार द्या आणि हातात ओळखपत्र द्या, म्हणजे रात्री माळावर दिसला म्हणून त्याला कुणी उचलून नेणार नाही.