देवाची देणगी की आमचा हट्ट?

आमच्या लग्नाला २०२२ साली पन्नास वर्षे झाली. मंदिरात उपकारस्तुतीची उपासना ठेवली होती. पाळकसाहेबांनी १२७ वे स्तोत्र वाचले. त्यात लेकरांना बाणांची उपमा आहे. मग पाच मुली, एक मुलगा, जावई, सून, नातवंडे अशा आमच्या भरल्या भात्याकडे हात करून ते म्हणाले, "ही देवाची देणगी!" सगळ्यांनी आमेन म्हटले, मीही म्हटले. परतताना रिक्षात ही हळूच म्हणाली, "अहो, देणगी खरी. पण आपण मागत काय होतो, ते सांगायचं राहिलं."

ते वाक्य काही मनातून जाईना. म्हणून आज लिहूनच टाकतो.

आमचे लग्न बहात्तरच्या दुष्काळातले, नगर जिल्ह्यातले. पंगतीत मिलोच्या लाल भाकरी होत्या. दोघेही शिक्षक. पुढे मी नोकरी करत बाहेरून बी.ए. झालो. हिने तिसऱ्या बाळंतपणानंतर नोकरी सोडली. हुशार मात्र तीच जास्त होती.

१९७६ साली आणीबाणीत आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या 'केसेस' आणायला सांगत. शाळेच्या भिंतीवरचा लाल त्रिकोण मीच रंगवला होता आणि घरी तिसऱ्यांदा पाळणा हलत होता! सहकारी चेष्टा करत. मी म्हणायचो, "आमच्यात देव देईल ती लेकरं घ्यायची."

ही शुद्ध पळवाट होती. कॅथलिकांना कृत्रिम संततिनियमनाची मनाई आहे. पोपसाहेबांनी १९६८ साली ती पुन्हा स्पष्ट केली. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत तशी बंदी नव्हती. खरे कारण एकच, मुलगा हवा होता. माझ्या आजोबांनी जुना धर्म सोडला, देव्हारा सोडला. वंशाचा दिवा मात्र घरात तसाच राहिला.

रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत मी मोठ्याने मागायचो, "प्रभू, या खेपेला मुलगा दे." सहावा मुलगा झाला तेव्हा मी साक्ष दिली, की देवाने प्रार्थना ऐकली. गेल्या वर्षी तिसरी मुलगी म्हणाली, "पप्पा, ती प्रार्थना आम्हीही ऐकत होतो. डोळे मिटून शेजारीच बसलेल्या असायचो."

काय उत्तर देणार?

गणना या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुलींची गोष्ट आहे. भाऊ नाही म्हणून बापाचे नाव का पुसावे, आम्हाला वतन द्या, असे त्यांनी मोशेला सर्वांदेखत विचारले आणि देवाने त्यांचे म्हणणे रास्त ठरवले. हा अध्याय मी कितीदा वाचला असेन! माझ्याही घरी पाचच होत्या, पण तेव्हा मला त्या दिसल्या नाहीत.

मोठ्या कुटुंबाला मी दोष देत नाही. श्रद्धेला तर नाहीच. प्रार्थनेला एकत्र बसायचे म्हणून आमची कितीतरी भांडणे रात्रीच्या आत मिटली. पण आपली इच्छा पुढे करायची आणि तिला देवाची इच्छा म्हणायचे, हेही माझ्या मते त्याचे नाव व्यर्थ घेणेच आहे. दहा आज्ञांमध्ये त्याला मनाई आहे. शिवीगाळीत मी ते नाव कधी घेतले नाही. अशा रीतीने मात्र वर्षानुवर्षे घेतले. तरुण जोडप्यांनी गुडघे टेकण्याआधी एकमेकांना नीट विचारावे, एवढेच सांगणे.

मुलींची माफी मी मागितली आहे. हिची अधूनमधून मागतो. ती म्हणते, "आधी चहा घ्या, गार होतोय."